वाढत्या मापाची सायकल

आमच्या घरात मापाची वस्तू कधी आलीच नाही. शाळेचा फ्रॉक घेतला तर खाली चार बोटं दुमड, स्वेटर घेतला तर हातांचे पंजे बाह्यांत गडप. आई दुकानदाराला पहिलं वाक्य सांगायची ते "वाढत्या अंगाचं दाखवा" हेच. दुमड दरवर्षी थोडी थोडी उसवून खाली यायची आणि फ्रॉक अगदी मापात बसायला लागायचा तोवर त्याचं कापड विरलेलं असायचं. बारावीत तिनं मला खेळाचे बूट घेतले, पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. पाय वाढायचं वय माझं केव्हाच सरलं होतं, पण ते तिच्या लक्षात आलं नाही आणि सांगायची माझी टाप नव्हती. पुढे कापसाचा बोळा कोंबून दोन-तीनदा घातले आणि मग ते खोक्यासकट माळ्यावर गेले.

हे सगळं मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनमधल्या एका सायकलच्या दुकानात आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

सायकलचं निमित्त झालं रक्ततपासणीचं. आमच्या इमारतीच्या, इथल्या भाषेत ब्लॉकच्या, खालच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर पेन टेकवून सांगितलं की साखर अगदी काठावर आहे. रोज अर्धा-पाऊण तास अंग हलवा, जानेवारीत परत रक्त तपासू, तेव्हाही असंच असेल तर गोळ्या सुरू करू. त्यांनी हे हसत सांगितलं. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलंही नसतं, आमच्या ऑफिसात निम्मे लोक काठावरच आहेत. पण माझ्या आईच्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत. साखरेपायी एक साधा फोड चिघळला आणि दोन बोटं काढावी लागली. मी इथून तिकीट काढून पुण्याला पोचेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. तेव्हापासून साखर हा शब्द ऐकला की मी नकळत पायाची बोटं आखडून घेते. त्या दिवशी क्लिनिकमध्येही घेतली. मला भीती वाटली, साधी सरळ भीती.

चालायचा मला कंटाळा. जिममध्ये भिंतीकडे तोंड करून पळणं म्हणजे तर शिक्षाच. सायकल मात्र मी शाळा-कॉलेजची सगळी वर्षं चालवलेली, तीही सणकून. ऑफिस अलेक्झांड्राला, म्हणजे सरळ गेलं तर उगाच जवळ, पण कॅनॉलच्या कडेनं वळसा घालून गेलं तर पाऊण तासाचा व्यायाम आणि ऑफिस दोन्ही उरकणार होतं. मी जेवताना जाहीर केलं की मी सायकल घेणार.

नवरा जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनिअर. सकाळी सहाला कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि दिवसभर कुठल्या पाइपमधून काय गळू शकेल याच्या याद्या करतो. त्यानं माझ्या सायकलची यादी त्याच रात्री केली. घडीची सायकल, डोंगरातली, शर्यतीची, आणि मधली हायब्रिड. प्रत्येकीपुढे फायदे, तोटे आणि धोके. धोक्यांचा रकाना सगळ्यांत लांब होता. मी त्याला म्हटलं, "अरे, सायकल घेतेय, रिफायनरी नाही."

पण खोटं कशाला बोलू, त्या यादीचा उपयोग झाला. घडीची सायकल छोट्या चाकांची, ती एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, न्यायला बरी, व्यायामाला नाही. डोंगरातली घेतली तर जाड टायर सिंगापूरच्या गुळगुळीत रस्त्यावर ओढत बसा. शर्यतीच्या सायकलला बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, त्यावर ओणवं होऊन गर्दीच्या रस्त्यात मान वर करून बघायचं म्हणजे माझी मान आधीच आखडलेली. शेवटी जी सापडली ती यांच्या अधलीमधली. अंग शर्यतीच्या सायकलचं, हलकं, चाकं बारीक, पण हँडल सरळ, आपल्या जुन्या सायकलींसारखं. ताठ बसून पुढचं दिसतं, ब्रेक कायम हाताशी, मागे कॅरियर बसवायला भोकं. वजनाला इतकी हलकी की लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करून एका हातानं धरता येईल. फ्लॅट-बार म्हणतात त्यांना. नाव कळल्यावर मला उगाच तज्ज्ञ झाल्यासारखं वाटलं.

घ्यायची ठरली दसऱ्याला. नवीन वाहन मुहूर्तावर घ्यायचं, यात यादीवाल्या नवऱ्याचंही काही म्हणणं नव्हतं.

दुकान एका जुन्या ब्लॉकच्या खाली होतं. मालक सत्तरीचे चिनी गृहस्थ, बनियन आणि अर्धी चड्डी, हात कायम ग्रीसनं काळे. इथे अशा माणसाला सगळे अंकल म्हणतात, मीही म्हणायची. अंकलनी मला नखशिखान्त एकदा पाहिलं आणि आतून एक सायकल काढून आणली. मापाच्या चिठ्ठीवर एस लिहिलेलं. मी तिच्यावर पाय टाकून उभी राहिले, तर मधला दांडा आणि मी यांत चांगलं अंतर, दोन्ही पाय जमिनीवर सपाट. हात हँडलवर आपोआप गेले, कोपरं जराशी वाकलेली. दुकानासमोर एक चक्कर मारली आणि कॉलेजच्या दिवसांतलं काहीतरी पाठीतून सरकत गेलं.

तिथेच घ्यायची की नाही? पण शेजारी तीच सायकल एका मापानं मोठी उभी होती. आणि माझ्या डोक्यात माझी आई बोलायला लागली. नवरा उंच आहे, रविवारी तोही चालवेल. लेक बारा वर्षांची, आत्ताच माझ्या कानाला लागलेली, वर्षभरात मला मागे टाकेल. घरात एक सायकल घ्यायची तर ती सगळ्यांना चालेल अशी नको का? माझं काय, सीट खाली केली की झालं.

"अंकल, मला ती एम द्या," मी इंग्रजीत सांगितलं.

अंकलनी मान हलवली. "फॉर यू कॅनॉट लाह. टू बिग."

मी सगळा हिशेब समजावला, नवरा, लेक, रविवार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हू इज रायडिंग? यू, ऑर होल फॅमिली?"

मी जरा अभिमानानंच म्हटलं, "फॅमिली."

"फॅमिली साइज, पिझ्झा हॅव," अंकल म्हणाले, "बायसिकल डोन्ट हॅव."

मला राग आला. आता सांगायला हरकत नाही, खरं ऐकलं की मला आधी रागच येतो. मी एमच घेतली. अंकलनी सीट होईल तितकी खाली केली. नवऱ्यानं लिटल इंडियातून आणलेली झेंडूची माळ हँडलला घातली, मी हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला. तो पेढा मी खाल्ला नाही आणि त्याचं मला फार कौतुक वाटलं.

पहिला आठवडा नव्याच्या नवलाईत गेला. दुसऱ्या आठवड्यात हाताच्या करंगळ्या बधिर व्हायला लागल्या. सीट खाली केल्यानं पाय पेडलला पुरत होते, पण हँडल होतं तिथेच, लांब. ते गाठायला मी सगळी पुढे ताणलेली, अंगाचा भार तळव्यांवर, मान मागे. ऑफिसात पोचल्यावर दहा मिनिटं बोटं झटकत बसायची. आणि थांबायची तर वेगळीच कसरत. मधला दांडा इतका उंच की सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सोय नाही. सिग्नल लागला की फुटपाथची कड शोधायची, तिच्यावर डाव्या पायाचा चवडा टेकायचा आणि हिरवा होईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं.

तिसऱ्या आठवड्यात अलेक्झांड्रा रोडच्या सिग्नलला कड अर्धा फूट लांब राहिली. मी अगदी सावकाश, सगळ्यांना नीट बघता येईल अशा बेतानं, सायकलसकट गवतावर आडवी झाले. पानं गोळा करणाऱ्या एका आंटीनं झाडू टाकून मला उठवलं. कोपर सोलवटलं. लागलं फारसं नव्हतं, पण उरलेली वाट मी सायकल हातात धरून चालतच ऑफिसला गेले.

संध्याकाळी कोपर बघून नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, दारावर आपटलं. त्यानं धोक्यांचा रकाना उघडून दाखवला असता, ते मला सोसलं नसतं. शिवाय मला खरंच वाटत होतं की चूक माझीच आहे. वय झालं, वजन वाढलं, सवय गेली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी स्वतःलाच सुनावत होते आणि अंगण खरोखरच वाकडं असू शकतं हे मनात येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी हेल्मेट घालून निघाले. एमआरटी स्टेशनपाशी सायकलींचा स्टँड आहे, तिथवर गेले, सायकल कुलूप लावून ठेवली, हेल्मेट पिशवीत कोंबलं आणि बस पकडली. फक्त आजच्या दिवस, कोपर दुखतंय म्हणून. तो आजचा दिवस अडीच महिने चालला. सकाळी हेल्मेट घालून घरातून बाहेर, संध्याकाळी हेल्मेट घालून घरात. घाम आणायला मेहनत नव्हती, इथली हवा ते काम फुकट करते. नवरा म्हणायचा, "मानलं बुवा तुला." मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघून जायची. आईला फोनवर सांगायची, हो, रोज चालवते, छान वाटतं. ज्या बाईची दोन बोटं गेलीत तिला मी हे सांगत होते. मला त्याची लाज वाटत होती, आणि लाजेपायी मी रात्री दोन पोळ्यांऐवजी तीन खात होते.

जानेवारीत लेकीची सेकंडरी शाळा सुरू झाली. आतापर्यंत ती ब्लॉकसमोरच्या शाळेत चालत जायची, आता एकटी एमआरटीनं जाऊ लागली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण मी एवढी निर्ढावले होते की एमआरटी म्हणजे तोच स्टँड, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात एकदा आम्ही दोघी लिफ्टमधून वर जात होतो. माझ्या हातात सायकल, डोक्यावर हेल्मेट. ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाली, "आई, व्हाय युअर बाइक एव्हरी डे ॲट द एमआरटी?"

मी म्हटलं, "अगं, आज जरा उशीर झाला म्हणून..."

"एव्हरी डे, आई. आय चेक." मग तिचा आवाज बारीक झाला. "यू सिक, इझ इट? लाइक आजी? सो यू कॅनॉट सायकल, बट यू डोन्ट वॉन्ट टू टेल?"

लिफ्टचं दार उघडलं, परत बंद झालं. शाळा सुरू झाल्यापासून ही पोर रोज घरी येताना त्या स्टँडपाशी थांबून माझी सायकल बघत होती आणि मनातल्या मनात माझे पाय कापत होती. मी तिला तिथेच, लिफ्टमध्ये, सगळं सांगितलं. करंगळ्या, मान, सिग्नल, ती आंटी. आणि एवढी मोठी सायकल का घेतली तेही सांगितलं, की तू वाढशील, मग तुलाही होईल.

तिनं ऐकून घेतलं. शाळेच्या नव्या ब्लाउजच्या बाह्या तिच्या कोपराखाली आल्या होत्या, स्कर्ट पोटरीपर्यंत. मीच घेतलेला होता तो गणवेश.

"बट आय डोन्ट लाइक सायकलिंग," ती म्हणाली. "आय नेव्हर लाइक. हू आस्क यू टू बाय फॉर मी?"

इथली मुलं हे वाक्य येताजाता एकमेकांच्या तोंडावर फेकतात, आणि एरवी मी तिला उलट बोलते म्हणून दटावलं असतं. त्या दिवशी नाही दटावलं. खरंच, मला कुणी सांगितलं होतं? नवऱ्यानं तर तीन महिन्यांत एकाही रविवारी त्या सायकलला हात लावला नव्हता.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो सायकलची यादी उघडून बसला आणि म्हणाला, "माझ्या यादीत मापाचा रकानाच नव्हता गं." त्याचं मला इतकं वाईट वाटलं की मीच त्याची समजूत घालत बसले. डॉक्टरीणबाईंनाही खरं ते सांगितलं. नव्या रिपोर्टात साखर होती तिथेच होती, कणभरही घटली नव्हती. त्यांनी गोळ्या न देता आणखी तीन महिने दिले आणि या वेळी त्या हसल्या नाहीत.

शनिवारी लेकीला घेऊन अंकलकडे गेले. वाटेत मी बोलण्याची तयारी केली होती, पण गरज पडली नाही. अंकलनी साखळीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि नुसतंच "हं" म्हणून आत गेले. एस मापाची एकच उरली होती, तांबड्या भोपळ्याच्या रंगाची. लेक म्हणाली, "सो अग्ली." मी सायकलवर पाय टाकला, दोन्ही तळवे जमिनीला लागले, आणि रंगाचं काही वाटेनासं झालं. अंकलनी मोठी ठेवून घेतली, सीट माझ्या कमरेला लावून बघितली, दोनदा वर-खाली केली. या वेळी झेंडू नव्हता, मुहूर्तही नव्हता. घरी मी चालवत आले आणि लेक बसनं.

रविवारी आईचा फोन असतो. मी ठरवलं होतं की तिलाही सगळं सांगायचं. तीन महिन्यांत सायकल बदलली म्हटल्यावर उधळपट्टीवरून दोन शब्द ऐकावे लागणार, त्याचीही तयारी होती. मी सांगत गेले, ती हुंकार देत होती. वाढत्या मापाची घेतली होती म्हणून सांगितलं तेव्हा तो हुंकारही थांबला.

"आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "मलाही डॉक्टरांनी चालायलाच सांगितलं होतं गं, तेव्हा. रोज पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जायचे. चपलेनं चालू नका म्हणाले, बूट घ्या. मी म्हटलं, नवीन कशाला? माळ्यावर कोरे करकरीत पडलेत."

"कोणते?"

"तुझेच. ते पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. मला तर आणखीच मोठे व्हायचे. पुढे कापूस घालायचे. पाय आत सरकायचा, तिथं घासलं, मग तो फोड आला. तुला कधी बोलले नाही. तुला उगाच लागलं असतं."

बूट तिनं माझ्यासाठी घेतले होते, मी ते मोठे होतात हे सांगितलं नव्हतं, आणि वीस वर्षं ते खोक्यात वाट बघत पडले होते. मला रडू आलं. तिला ते कळलं असावं, कारण तिनं आवाज एकदम नेहमीसारखा केला.

"आता या सायकलवरून पाय टेकतात ना?"

"टेकतात."

"दोन्ही?"

"दोन्ही, आई."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि तिथं हवा कशी आहे ते विचारलं.

फोन ठेवला आणि मी लेकीला हाक मारली. शाळेचे बूट घालून ये म्हटलं. ती कुरकुरत आली. इथल्या शाळांत बूट पांढरेच लागतात. मी खाली बसले आणि तिच्या टाचेमागे अंगठा घालून बघितला. तो सहज आत गेला.

"इट्स ओके लाह, आई," ती म्हणाली. "आय पुट टिश्यू इन फ्रंट."

बुटांचं दुकान बंद व्हायला अजून तासभर होता. मी तिला चपला घालायला सांगितल्या आणि आम्ही लगेच निघालो.